मज्जातंतूंचा एक विकार आणि त्याची जोखीम

घरात कोणी आजारी पडले की दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "काय झाले?" आणि दुसरा, "कशाने झाले?" पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र सारी आळी पुढे येते. कोणी म्हणते पाणी बाधले, कोणी म्हणते पावसात भिजल्याने झाले, कोणी आवाज खाली आणून करणीचे नाव घेते. आजारी पडलेली घरातली सून असेल तर तिच्या माहेरचाही उद्धार होतो.

हिवतापाचे कारण विचाराल तर बोट दाखवायला एक जागा आहे. डास चावतो आणि त्याच्यामार्फत हिवतापाचा जंतू रक्तात शिरतो. पटकीचे कारण दूषित पाण्यात सापडते. पण काही विकार असे आहेत, की ज्यांच्या बाबतीत असे एकाच जागी बोट ठेवता येत नाही. अशाच एका विकाराविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव लांबलचक आहे म्हणून डॉक्टर मंडळी त्याला नुसते एम. एस. म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवतो. भूगोलाच्या माणसाने रोगावर का बोलावे, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे की या रोगाला नकाशा आहे. पृथ्वीच्या काही भागांत तो पुष्कळ आढळतो, काही भागांत फार थोडा. असे का, हे शोधता शोधताच त्याची जोखीम कोणाला जास्त आणि कोणाला कमी, हे शास्त्रज्ञांना उलगडत गेले.

आधी रोग म्हणजे काय, ते पाहू. आपल्या मेंदूतून मज्जारज्जू निघतो आणि पाठीच्या कण्यातून खाली उतरतो. या दोहोंत असंख्य बारीक तंतू आहेत. हात उचल, पाय टाक, डोळा फिरव, हे सारे हुकूम या तंतूंवरून जातात आणि डोळ्यांनी पाहिलेले, कातडीला जाणवलेले निरोप याच तंतूंवरून मेंदूत पोहोचतात. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. तारेचे वेष्टण जागोजाग उंदराने कुरतडले तर दिवा फडफडतो, कधी अजिबात लागत नाही. एम. एस.मध्ये मायलिनचे असेच होते. पुढे पुढे आतल्या तंतूंनाही इजा पोहोचते.

हे वेष्टण कुरतडतो कोण? कोणी बाहेरचा चोर नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशींची फौज असते, तीच इथे चुकते. वाडीच्या राखणदाराने अंधारात घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार. कुरतडलेल्या जागी मागाहून घट्ट वण उरतात. मेंदूत असे अनेक वण पडतात म्हणून रोगाच्या नावात "मल्टिपल" आणि ते कठीण होतात म्हणून "स्क्लेरोसिस". १८६८ साली पॅरिसमध्ये शार्को नावाच्या वैद्याने या विकाराचे पहिले नीटस वर्णन केले. आज जगात सुमारे २८-२९ लाख लोकांना तो आहे.

आता "जोखीम" हा शब्द. हा शब्द नीट समजला तर पुढचे सारे सोपे आहे, म्हणून इथे जरा थांबू. भाताच्या शेतावर करपा पडतो, तो का पडतो? शेतकऱ्याला हे शिकवायला नको. करप्याची बीजे वाऱ्यावर सगळीकडेच असतात. तरी शेजारचे शेत करपते आणि आपले हिरवे राहते. कारण नुसत्या बीजाने काम होत नाही. भाताचे वाण करप्याला बळी पडणारे हवे, हवा ढगाळ, दमट हवी, युरिया जास्त पडलेला असेल तर आणखी सोयीचे. ही सारी जुळून आली की करपा येतो. एखादी गोष्ट कमी पडली की पुष्कळदा येत नाही. मग करप्याचे कारण काय? बीज की वाण की हवा? एकट्याने कोणीच नाही. प्रत्येकाने थोडी थोडी जोखीम वाढवली, इतकेच म्हणता येते.

एम. एस.चे नेमके असेच आहे. त्यालाही एक "वाण" आहे, म्हणजे आनुवंशिकता. एक "बीज" आहे, म्हणजे एक विषाणू. आणि एक "हवा" आहे, म्हणजे ऊन, धूर, शरीराचे वजन अशा भोवतालच्या गोष्टी. आपण एकेक क्रमाने घेऊ.

प्रथम नकाशा पाहू. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटे आहेत. विषुववृत्तापासून सुमारे ५९ अंश उत्तरेला. तिथे दर लाख वस्तीत चारशेच्या आसपास लोकांना एम. एस. आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी हे एक. आपली वसई साडेएकोणीस अंशांच्या जवळ. भारतात कर्नाटकातील मंगळूर शहरात पद्धतशीर मोजणी झाली आणि तिचे आकडे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ते प्रमाण निघाले लाखाला आठ-साडेआठ. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक माणसे होती. मंगळूरचे प्रमाण इथे लावून पाहिले तर शंभराच्या आसपास रुग्ण होतात. हा नुसता हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण यावरून एवढे ध्यानात येईल, की रोग आपल्याकडे विरळा असला तरी अगदी परका नाही. एखाद्या आळीत, एखाद्या शाळेत तो असू शकतो.

ऑर्कनीत इतका आणि मंगळुरात इतका थोडा, हे कशामुळे? लोक वेगळे म्हणून, की जागा वेगळी म्हणून? याचा निवाडा व्हायचा तर दोन प्रकारची माणसे पाहायला हवीत. एक, जागा तीच पण कूळ वेगळे. दुसरी, कूळ तेच पण जागा वेगळी. दोन्हींचे दाखले आपल्या अगदी जवळचे आहेत.

पहिला दाखला पारशी समाजाचा. आपल्या पालघर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे संजाण आहे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, अशी त्यांची परंपरा सांगते. तिथून ते उदवाडा, नवसारी, मुंबईपर्यंत पसरले. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांतही पारशी आणि इराणी घरे आहेत. म्हणजे हे आपलेच शेजारी. तेच ऊन, तीच हवा, तोच पाऊस. पण हा समाज शतकानुशतके आपसांतच लग्ने करीत आला, त्यामुळे त्याचा रक्ताचा वारसा वेगळा राहिला. मुंबईतील ख्यातनाम मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशांमध्ये या रोगाचा शोध घेतला आणि १९९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास मुंबईच्या पारशी वसाहतींतही दुसऱ्या संशोधकांनी घरोघर पाहणी केली होती. पारशांमध्ये हे प्रमाण लाखाला वीसच्या वर भरले. भोवतालच्या इतर समाजांत जे आढळत होते, त्याच्या मानाने हे कितीतरी जास्त.

याचा अर्थ काय? जागा एकच असताना प्रमाण बदलले, तेव्हा वारशात काहीतरी आहे. पण याचा उलटा अर्थ करू नका. लाखात वीस म्हणजे ९९,९८० पारशांना हा रोग नाही. शिवाय त्यांचे प्रमाण उत्तर युरोपच्या मानाने पुष्कळच कमी आहे. वाण एकट्याने सारे ठरवीत नाही, हे इथेच दिसते.

हेच जुळ्या भावंडांवरूनही कळते. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांचा वारसा जवळजवळ शंभर टक्के सारखा असतो. युरोप-अमेरिकेतील पाहण्यांत अशा जोडीतल्या एकाला एम. एस. असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता साधारण चारात एक निघाली. वारसाच सर्वस्व असता तर ती चारात चार निघायला हवी होती. सख्ख्या भावंडांत आणि मुलांत ही शक्यता शेकडा दोन-तीनच्या घरात येते. म्हणजे आईला एम. एस. असला तरी शंभरांतल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना तो होत नाही. आनुवंशिक जोखीम वाढवणाऱ्या दोनशेहून अधिक लहान लहान खुणा शास्त्रज्ञांना सापडल्या आहेत, पण त्यांपैकी एकही "हा रोग होणारच" असे सांगत नाही. लग्न जमवताना "त्यांच्या घरात तो आजार आहे" म्हणून स्थळ मोडणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

दुसरा दाखला परदेशी गेलेल्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय उपखंडातून पुष्कळ कुटुंबे इंग्लंडला गेली. जे मोठेपणी तिकडे गेले, त्यांच्यात एम. एस. थोडाच राहिला, आपल्याकडच्यासारखा. पण त्यांची जी मुले इंग्लंडमध्येच जन्मली आणि वाढली, त्यांच्यात तो तिथल्या इतर लोकांच्या बरोबरीने दिसू लागला. जेफ्री डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे दाखवून दिले. याच डीननी आधी दक्षिण आफ्रिकेत उलट बाजूने तसेच पाहिले होते. उत्तर युरोपातून पंधरा वर्षांच्या आत तिकडे गेलेल्या मुलांना जोखीम कमी, मोठेपणी गेलेल्यांना जास्त. आईबापांचा वारसा तोच, पण बालपण कुठे गेले यावर फरक पडला. म्हणजे जागेतही काहीतरी आहे, आणि ते बहुधा लहानपणी आणि पौगंडावस्थेत आपला प्रभाव पाडते. रोग पुढे विशी-तिशीत दिसतो.

आता "बीजा"कडे वळू. एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू आहे. तो लाळेतून पसरतो. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो कधी ना कधी शिरलेला असतो आणि मग जन्मभर मुक्काम करतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. तेव्हा फार तर सर्दीताप येतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. तोच विषाणू तरुणपणी पहिल्यांदा शिरला तर काही जणांना घसा सुजून, गाठी येऊन कित्येक आठवडे आजारी करतो. असा आजार झालेल्यांत पुढे एम. एस.ची जोखीम साधारण दुपटीने वाढलेली आढळते.

या विषाणूवर फार दिवस संशय होता. पुरावा मिळाला तो २०२२ साली. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांचे रक्त नोकरीच्या काळात वेळोवेळी तपासून जपून ठेवलेले होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे एम. एस. झालेल्या ८०१ जवानांचे जुने नमुने बाहेर काढले. त्यांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात हा विषाणू नव्हता. या ३५ पैकी ३४ जणांना रोग सुरू होण्याआधी विषाणूची लागण झालेली दिसली. विषाणू शिरल्यानंतर जोखीम सुमारे ३२ पट वाढत होती. दुसऱ्या कोणत्याही सर्वसाधारण विषाणूने असे काही केलेले आढळले नाही.

पण इथे करपा आठवा. बीज वाऱ्यावर सगळीकडे असते. शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव माणसांत हा विषाणू आहे आणि एम. एस. मात्र लाखात मूठभर लोकांना. म्हणून विषाणू सापडला म्हणून घाबरण्याचे कारण नाही आणि त्यासाठी रक्त तपासून घेण्यातही काही हशील नाही. तसेच हा विषाणू संसर्गाने पसरतो, म्हणून एम. एस. संसर्गजन्य आहे असेही समजू नका. एम. एस. झालेल्या माणसाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या शेजारी झोपल्याने, त्याची शुश्रूषा केल्याने तो कोणालाही होत नाही.

राहिली "हवा". पहिली गोष्ट ऊन. उत्तरेकडे हिवाळा लांब, सूर्य तिरपा. कातडीवर ऊन पडल्याने शरीर डी जीवनसत्त्व तयार करते. ज्यांच्या रक्तात ते कमी, त्यांना एम. एस.ची जोखीम काहीशी जास्त, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. आपल्याकडे उन्हाचा तोटा नाही, असे आपण म्हणू. पण ऊन आकाशात असून भागत नाही, ते अंगावर पडावे लागते. निर्मळ-भुईगावच्या वाडीत सकाळभर भाजी खुडणाऱ्या बाईला ते मिळते. नालासोपाऱ्याच्या इमारतीत राहून भल्या पहाटे विरार लोकल पकडणाऱ्या आणि रात्री दिवेलागणीनंतर परतणाऱ्या तिच्या मुलीला ते मिळतेच असे नाही. भारतात भर उन्हाच्या देशात डी जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, ती यामुळेच. मुलांना मोकळ्या मैदानावर खेळू द्यावे, ही गोष्ट हाडांसाठी तर चांगली आहेच. मात्र डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे एम. एस. टळतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तसे सिद्ध झालेले नाही, आणि त्या गोळ्या मनाला येईल तशा, भरमसाट घेतल्या तर अपाय होतो.

दुसरी गोष्ट धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एम. एस.ची जोखीम न ओढणाऱ्यांच्या साधारण दीडपट आढळते, आणि रोग झाल्यावरही ओढत राहिले तर तो लवकर बळावतो. इतरांच्या विडीचा धूर सतत नाकातोंडात जाणाऱ्यांवरही त्याचा थोडा परिणाम होतो, असे दिसते. तंबाखू चघळणारे, मिसरी लावणारे म्हणतील, आम्ही कुठे धूर काढतो? त्यांनी तोंडाच्या कर्करोगाची आठवण ठेवावी म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट वजन. पौगंडावस्थेत, म्हणजे साधारण बारा ते वीस या वयात, जी मुले-मुली फार स्थूल होतात, त्यांच्यात पुढे एम. एस.चे प्रमाण जास्त आढळते. मुलींच्या बाबतीत काही पाहण्यांत ते दुपटीपर्यंत गेले आहे. मुलगी अंगाने भरली म्हणजे खात्यापित्या घरची दिसते, ही आपली जुनी समजूत. पण शाळेच्या फाटकाशी मिळणारी तेलकट पाकिटे आणि गोड पेये यांनी भरलेले अंग म्हणजे आरोग्य नव्हे, हे पालकांच्या सभेत शिक्षकांनी सांगितले तर पालक ऐकतील.

आता अशा दोन गोष्टी, ज्यांत कोणाचाच इलाज चालत नाही. एक वय. हा रोग बहुतेकदा वीस ते चाळीस या वयात प्रथम डोके वर काढतो. कर्तेपणाची वर्षे ती हीच. दुसरी, बाईमाणसाचा जन्म. पुरुषांपेक्षा बायकांत हा रोग दुपटीने-तिपटीने जास्त आढळतो. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लग्न, बाळंतपण याच वयात होते, म्हणून रोगाचे खापर त्यांवर फुटते. "लग्न झाले आणि दुखणे लागले", "बाळंतपणात काहीतरी खाल्ले", असे म्हणतात. खरे पाहता गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या रोगाचे उठाव कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढू शकतात, म्हणून त्या काळात डॉक्टरांची नजर हवी. पण बाळंतपणाने हा रोग जडत नाही. लशींनीही जडत नाही. आणि करणी, दृष्ट, बाहेरची बाधा यांचा तर काडीमात्र संबंध नाही.

तरी करणीवर लोकांचा विश्वास का बसतो, तेही पाहू. या रोगाचा स्वभावच फसवा आहे. पुष्कळांमध्ये तो उठतो आणि बसतो. एका डोळ्याला चार-सहा दिवसांत अंधारी येते, डोळा फिरवताना दुखते. घरचे भगताकडे नेतात, अंगारा लावतात. सहा-आठ आठवड्यांनी दृष्टी आपोआप परत येते. श्रेय मिळते अंगाऱ्याला. वर्षभराने पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. पुन्हा तोच फेरा. प्रत्येक उठावानंतर बरे वाटते, पण मेंदूतला वण आत राहतो आणि असे वण साचत जातात. काही जणांत तर उठावांशिवाय, हळूहळू रोग वाढत जातो. भगताला दोष देऊन काही साधत नाही. त्याच्याकडे जायचे त्यांनी खुशाल जावे, पण डॉक्टरकडे जाणे त्यासाठी लांबवू नये. लवकर निदान झाले तर आज पुष्कळ काही करता येते. १९९३ साली या रोगाचे उठाव कमी करणारे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतर बरीच निघाली. ती रोग मुळासकट काढत नाहीत, पण नवे वण पडू नयेत म्हणून ती उपयोगी पडतात. झालेले नुकसान भरून काढण्यापेक्षा होणारे रोखणे त्यांना जमते, म्हणूनच वेळेला किंमत आहे.

तेव्हा तरुण माणसात पुढील गोष्टी दिसल्या आणि एका दिवसाहून अधिक टिकल्या तर दुर्लक्ष करू नका. एका डोळ्याची नजर दुखण्यासह मंदावणे, एकाचे दोन दिसणे, पायांपासून कमरेपर्यंत बधिरपणा चढणे, मान पुढे वाकवताच पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखे वाटणे, तोल जाणे, लघवी आवरता न येणे. यांतले काही झाले म्हणजे एम. एस.च झाला असे नाही. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. दूध-मांस-अंडी न खाणाऱ्यांत ही कमतरता पुष्कळ आढळते आणि तिच्यावर सोपा उपाय आहे. क्षयरोग मज्जासंस्थेत शिरला तरी अशी लक्षणे होतात. शिवाय एम. एस.सारखाच दिसणारा एक वेगळा विकार आहे. तो डोळ्याच्या नसा आणि मज्जारज्जू यांना धरतो आणि त्याची औषधे निराळी असतात. एम. एस.ची काही औषधे त्या विकारात उलट अपाय करतात. म्हणून निदान मज्जाविकारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. मेंदूची एम. आर. आय. तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या यांवरून ते ठरते. आपल्याकडून लोकलने मुंबईला गेले की केईएम, नायर, जे. जे. या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मज्जाविकारांचे विभाग आहेत.

एम. एस.च्या रुग्णांसाठी काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरले तर त्या कायद्याखालील सवलती मिळू शकतात. हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊकच नसते.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवतो. "जोखीम वाढली" हे शब्द वर्तमानपत्रात वाचून माणसे विनाकारण घाबरतात, कारण लाखाचा अंदाज कोणालाच नसतो. वर्गात बेताच्या दाण्याचे दोनेक किलो तांदूळ आणा. त्यांत साधारण लाखभर दाणे भरतात. त्यांतले आठ दाणे शाईने काळे करून मिसळून टाका आणि मुलांना शोधायला सांगा. मग आणखी चार काळे करा. ही झाली "दीडपट जोखीम". लाखातले आठ होते ते बारा झाले. मुलांना दोन्ही गोष्टी एकदम कळतील. दीडपट म्हणजे काही सर्वनाश नव्हे. आणि तरीही ते चार दाणे म्हणजे चार घरे आहेत, आणि त्यांतले काही न ओढलेल्या विडीने वाचू शकले असते.

एवढ्या विवेचनाचा मथितार्थ इतकाच. एम. एस. कोणाच्या पापाने, निष्काळजीपणाने किंवा कोणाच्या माहेरच्या दोषाने होत नाही. वारसा, विषाणू, ऊन, धूर, वजन, वय अशा अनेक गोष्टी जुळून येतात आणि ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याच्याकडे त्यांतल्या बहुतेकांचा काही इलाज नसतो. जे थोडे हाती आहे ते करावे. विडी सोडावी, मुलांना मैदानावर सोडावे, त्यांचे वजन आवाक्यात ठेवावे. आणि कोणाला हा आजार झालाच, तर "कशाने झाले" याची चौकशी बाजूला ठेवून तिला किंवा त्याला तज्ज्ञाकडे नेण्यासाठी गाडीचा, पैशाचा आणि सोबतीचा बंदोबस्त करावा. शेजाऱ्यांनी करण्यासारखे ते एवढेच काम आहे आणि ते फार मोलाचे आहे.